सीतेच्या वेणीची शास्त्रीय सनद

मृगाच्या सुमारास सह्याद्रीतील वृक्षांवरून जांभळ्या ठिपक्यांचे शुभ्र तुरे सोडणारी जी सीतेची वेणी, तिची शास्त्रीय दप्तरातील रीतसर नोंद लिनियसने १७५३ मध्ये ‘एपिडेंड्रम रेटुसम’ अशी केली. कारण वृक्षाश्रयी ऑर्किडे बहुधा त्या एकाच वंशात घालण्याची तेव्हा वहिवाट होती. पुढे जावातील वनस्पतींचा अभ्यासक ब्लूम याने १८२५ मध्ये ‘ऱ्हिंकोस्टायलिस’ हा स्वतंत्र वंश स्थापून तिला त्यात स्थान दिले.

वंश पालटला, तरी अग्रक्रमाच्या नियमाने मूळ जातिनाम, केवळ लिंगानुसार प्रत्यय बदलून, कायम राहिले. आणि ‘ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा’ या नावापुढे लिनियसचा निर्देश कंसात व ब्लूमचा कंसाबाहेर करून शास्त्राने दोघांचाही हक्क आदरपूर्वक राखला.