बिडीला न शिवलेल्यांचा कर्करोग

फुफ्फुसाचा कर्करोग म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: बिडी-सिगारेट किती ओढता? या रोगाचं सर्वांत मोठं कारण तंबाखूच आहे, त्यामुळे प्रश्न रास्तच. पण ‘कधीच नाही’ या उत्तराशी चौकशी थांबली, की घात होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१२ साली ४८९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या सुमारे निम्म्या रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नव्हतं.

मग रोग येतो कुठून? जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची १४ वर्षांची माहिती तपासून १९८१ साली दाखवून दिलं, की नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला धोका अधिक. चीनच्या युनान प्रांतात श्वानवेई भागातल्या बहुतेक बायका सिगारेट ओढत नसत, तरी त्यांच्यात या कर्करोगाचं प्रमाण फार मोठं होतं. घरात, धुराडं नसलेल्या चुलीत जळणारा दगडी कोळसा त्याच्या मुळाशी होता. धुराड्याच्या चुली आल्या आणि काही वर्षांनी प्रमाण घटलं.

आपल्याकडे धूर निराळा. महागाव तालुक्यात फुलसावंगीच्या परिसरात कापूस आणि तूर निघाली, की पऱ्हाट्या-तुराट्यांचे भारे घराशी येतात. पावसाळ्यात हे सरपण सादळतं. जाळ धरण्याआधी घर धुरानं भरतं. बाई वाकून फुंकणीनं फुंकते तेव्हा तिचं तोंड धुरापासून हातभरही लांब नसतं. उज्ज्वला योजनेनं २०१६ पासून गॅसची जोडणी घरोघरी नेली. पण सिलिंडर भरायला पैसे नसले, की चूल पुन्हा पेटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं घरात जळणाऱ्या कोळशाचा धूर, डिझेलचा धूर आणि बाहेरची प्रदूषित हवा यांना निश्चित कर्करोगकारक ठरवलं आहे. लाकूडफाट्याचा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात आहे. म्हणजे सरपणाविरुद्धचा पुरावा कोळशाइतका पक्का नाही. तरी ते निर्धोक नव्हे. धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या सीओपीडी या श्वसनविकारात चुलीच्या धुराचा वाटा फार मोठा आहे, हे पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं.

न ओढणाऱ्यांचा कर्करोग बहुतेकदा ॲडेनोकार्सिनोमा प्रकारचा असतो. त्यातल्या बऱ्याच रुग्णांत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडतो. २००४ साली हा शोध लागला आणि त्यावर नेमकं काम करणाऱ्या गोळ्यांचा उपयोग कुणाला होईल हे कळू लागलं. चार्ल्स स्वँटन यांच्या गटानं २०२३ साली दाखवलं, की असा बदल असलेल्या पेशी फुफ्फुसात आधीपासून निपचित असू शकतात. हवेतले सूक्ष्म कण दाह निर्माण करून त्यांना वाढायला लावतात.

खरी अडचण निदानाची. खोकला, थुंकीत रक्त, घटणारं वजन, एक्स-रेवर डाग: ही सगळी लक्षणं क्षयाचीही आहेत. आपल्याकडे क्षय जास्त, म्हणून आधी त्याची तपासणी होते, आणि ती व्हायलाच हवी. पण थुंकीत जंतू न सापडता औषधं सुरू झाली आणि उतार पडला नाही, तर महिनोन्‌महिने वाट पाहण्यात अर्थ नाही. सीटी स्कॅन आणि गाठीचा तुकडा तपासणं, हाच पुढचा मार्ग.

म्हणून वाचकहो, घरातल्या आईचा, मावशीचा खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर ‘ती कुठं बिडी ओढते?’ म्हणून तो अंगावर काढू देऊ नका. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरचे उपचार आहेत. ॲडेनोकार्सिनोमाचं निदान झालं, तर जनुकाची तपासणी आवर्जून मागा. आणि चूल सुटत नसेल, तर निदान धुराडं बसवा. घरात कुणालाही बिडी पेटवू देऊ नका.