कंपनीला मत नाही, मग देणगी कोणाच्या नावानं?

चांदूर रेल्वेत बसून कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर बोलायचं म्हटलं की कोणीतरी विचारतंच, याचा आपल्याशी काय संबंध? एक कल्पना करा. गावच्या सोसायटीच्या अध्यक्षानं सोसायटीच्या नफ्यातून आपल्या आवडत्या पक्षाला 1 लाख रुपये दिले. आमसभेत सभासद त्याला सोडतील का? 'द्यायचे तर स्वतःच्या खिशातून दे,' असंच म्हणतील. आता बघा, आपल्यापैकी पुष्कळांची एलआयसीची पॉलिसी आहे. एलआयसी मोठमोठ्या कंपन्यांचे शेअर घेते. मग तोच प्रश्न तिथं का विचारू नये?

1957 साली तो मुंबई उच्च न्यायालयात आला. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपला मेमोरँडम बदलायचा होता. सरकारी धोरणावर आपला धंदा अवलंबून आहे, हा कंपनीचा युक्तिवाद. एका भागधारकानं विरोध केला. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्यानुसार परवानगी दिली, पण अशा पैशानं लोकशाहीचाच गळा आवळला जाईल असा इशारा देऊन संसदेला लक्ष घालायला सांगितलं. कायदेशीर असणं आणि योग्य असणं यांतलं अंतर एकाच निकालात दिसतं.

पुढे 1969 मध्ये अशा देणग्यांवर बंदी आली. पैसा थांबला नाही, टेबलाखालून जाऊ लागला. 1985 मध्ये बंदी उठली. 2013 च्या कायद्यानं तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के ही मर्यादा घातली. 2017 मध्ये तीही काढली आणि निवडणूक रोखे आणले. म्हणजे तोट्यातली कंपनीही कितीही देऊ शकत होती आणि मतदाराला नाव कळत नव्हतं. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी हे दोन्ही एकमतानं रद्द केलं.

आता नैतिक मुद्दा. कंपनी कायद्यानं 'व्यक्ती' आहे, ती करार करते, कोर्टात जाते. पण ती नागरिक नाही, तिला मत नाही. तिच्या मालकाला मत आहे, कामगारालाही आहे, आणि दोघांचं वजन सारखंच. कंपनीच्या तिजोरीतून देणगी गेली की हे वजन बिघडतं. शिवाय एकच कंपनी परस्परविरोधी पक्षांना पैसे देते, तेव्हा त्याला विचारसरणीचा पाठिंबा कसा म्हणायचं? तो सौदा असण्याचा संशय येणारच.

म्हणून सरसकट बंदी हवी का? 1969 चा अनुभव नको म्हणतो. नाव उघड असणं आणि मर्यादा असणं, या दोन अटी आता परत आल्या. तिसरी राहिली, ती म्हणजे संमती. आपल्याकडे आजही संचालक मंडळाचा ठराव पुरतो. ब्रिटनमध्ये 2000 सालच्या कायद्यापासून ठरावीक रकमेपुढच्या देणगीला भागधारकांची मंजुरी लागते. सोसायटीच्या सभासदाला आमसभेत जे विचारता येतं, ते भागधारकालाही विचारता आलं पाहिजे. माझी मागणी एवढीच आहे.