गांव सोडावें कीं राखावें? परराज्यांत शेती करूं इच्छिणाऱ्यांसाठीं कांहीं विचार

आमच्या सभासद-बंधूंपैकीं ज्यांची जमीन जिराईत आहे आणि ज्यांच्या घरांत दोन-तीन भाऊ कर्ते झाले आहेत, त्यांच्या मनांत एक प्रश्न वारंवार येत असतो. येथील आठ-दहा एकर विकून तेवढ्याच पैशांत परराज्यांत त्याच्या दुप्पट-तिप्पट जमीन मिळत असेल, तर येथें पावसाची वाट पाहत कां बसावें? प्रश्न पोटाचा आहे. म्हणून 'मायभूमि सोडूं नये' एवढ्या एका वाक्यानें त्याचें उत्तर देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. उलटपक्षीं, जमीन स्वस्त आहे एवढें ऐकून बिऱ्हाड बांधणें हेंही शहाणपणाचें नव्हे. पूर्वीं जे गेले त्यांचें काय झालें, जे राहिले त्यांनीं काय केलें, हें पाहून मगच हिशेब मांडावा, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

जे गेले त्यांची हकीकत

शेतकरी जागचा हलत नाहीं ही समजूत पुरती खरी नाहीं. पाणी जिकडे गेलें तिकडे तोही गेला आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला. पुढें सासवडचे माळी बागाईतदार आपलें गांव सोडून कालव्यांच्या टापूंत उतरले. त्यांनीं तेथें खंडानें जमिनी केल्या, ऊंस लावला, गुऱ्हाळें घातलीं, आणि १९३२ सालीं अकलूजजवळ माळीनगर येथें स्वतःचा साखर कारखाना स्थापन केला. यांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. ते एकेकटे गेले नाहींत, आणि आरंभीं त्यांनीं जमीन विकत न घेतां खंडानें करून पाहिली.

राज्याची सीमा ओलांडून जाणाऱ्यांत आंध्रच्या किनारपट्टीचे शेतकरी अग्रेसर होत. निजामसागर धरण १९३१ सालीं पुरें झाल्यावर कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडील कुटुंबें निजामाबादकडे आलीं. १९५३ नंतर तुंगभद्रेचें पाणी कालव्यांतून खेळूं लागलें, तेव्हां तींच माणसें कर्नाटकांत सिंधनूर-गंगावतीच्या भागांत उतरलीं. त्यांच्या वस्त्यांस आजही 'कँप' म्हणतात. तेथील मूळ शेतकरी ज्वारी-कापसाचा; पाटाच्या पाण्यावर भात कसा घ्यावा हें त्यास ठाऊक नव्हतें. आलेल्यांस तें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. म्हणजे ते केवळ पैसा घेऊन गेले नाहींत, तर त्या भूमीस हवी असलेली विद्या घेऊन गेले. परक्या मुलखांत टिकण्याचें मूळ कारण हेंच होय.

फाळणीनंतर पंजाबी शेतकरी हिमालयाच्या पायथ्याच्या तराईंत गेले. तेथें दाट जंगल आणि हिंवताप होता. जंगल तुटलें, डासांचा बंदोबस्त झाला, आणि तो प्रदेश भात-गव्हाचें कोठार बनला. पण पहिल्या पिढीनें त्यासाठीं जे कष्ट काढले ते आजचा स्वस्त भाव सांगणारा दलाल सांगत नाहीं.

पाण्याचें पहिलें तेज पाहून भुलूं नये, हाही धडा याच इतिहासांत आहे. नीरेच्या कालव्यावर कांहीं वर्षांतच निचऱ्यावांचून भारी जमिनी पाणथळ व खारवट होऊं लागल्या, आणि चर खणून त्यांची दुरुस्ती करावी लागली. तुंगभद्रेच्या लाभक्षेत्रांतही तीच व्याधि जडली. काळी जमीन घेणाऱ्यानें वरचा थर पाहून भागत नाहीं. खालीं मुरूम किती हातांवर आहे आणि पाणी कोठें निघून जाईल, हें पाहावें लागतें.

कच्छचें उदाहरण

आमच्या मतें सर्वांत विचार करण्यासारखें उदाहरण कच्छचें आहे. १९६५ च्या युद्धानंतर, लालबहादुर शास्त्री यांच्या सरकारच्या धोरणानुसार, सीमेलगतच्या ओसाड भागांत पंजाबी शीख शेतकरी वसविले गेले. त्यांनीं क्षाराची जमीन सुधारली आणि कूपनलिका खोदल्या. दोन पिढ्या गेल्यावर, २०१० सालीं, 'आपण गुजरातचे शेतकरी नाहीं' या कारणास्तव अनेकांचीं जमिनीचीं खातीं गोठविण्यांत आलीं. ज्या कायद्याचा त्यासाठीं आधार घेतला तो १९५८ चा कुळकायदा, द्विभाषिक मुंबई राज्य असतांना विदर्भ व कच्छ या दोन विभागांसाठीं एकत्र झालेला! २०१२ सालीं गुजरात उच्च न्यायालयानें शेतकऱ्यांच्या बाजूनें निकाल दिला. सरकारनें त्यावर सर्वोच्च न्यायालयांत अपील केलें. न्याय कोणाच्या बाजूनें हा प्रश्न वेगळा. पण ज्या शेतकऱ्यानें चाळीस-पंचेचाळीस वर्षें नांगर धरला, त्यास खातें गोठल्यामुळें विक्री किंवा कर्ज यांसाठीं कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, हें आम्हीं विसरूं नये.

याचें मूळ आपल्या राज्यघटनेच्या रचनेंत आहे. भारतांत कोठेंही जाऊन राहण्याचा हक्क अनुच्छेद १९ नें प्रत्येक नागरिकास दिला आहे. पण शेतजमीन हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळें प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. हिमाचल प्रदेशांत १९७२ च्या कायद्याच्या ११८ व्या कलमान्वयें तेथील शेतकरी नसलेल्यास सरकारच्या परवानगीवांचून जमीन घेतां येत नाहीं. कर्नाटकानें बिगरशेतकऱ्यांवरील बंधनाचीं कलमें २०२० सालीं रद्द केलीं. पण जमीन खंडानें देण्यावर तेथें फार पूर्वींपासून कडक निर्बंध आहेत, म्हणून तोंडी खंडाचा व्यवहार करणारा कागदावर कोणीच नसतो. आदिवासींच्या जमिनी इतरांच्या नांवें करण्यावर तर बहुतेक राज्यांत कडक निर्बंध आहेत. अशी जमीन दुसऱ्याच्या नांवानें घेणारा पैसा आणि जमीन दोन्ही गमावतो. मुलांच्या बाबतींतही एक गोष्ट जाणून असावी. अनुसूचित जाति-जमातींचा मनुष्य दुसऱ्या राज्यांत स्थलांतर करून गेल्यास मूळ राज्याच्या दाखल्यावर त्यास तेथील आरक्षण मिळत नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० सालचा निर्णय आहे.

जे राहिले, आणि जे जाऊनही राहिले

सांगली जिल्ह्यांतील खानापूर-आटपाडी हा पर्जन्यछायेचा टापू. शेतीवर निभेना, तेव्हां तेथील घरोघरचे तरुण सोनें-चांदी गाळण्याचा धंदा शिकून देशभरच्या सराफ-बाजारांत पांगले. हे गलाईवाले दूरदूरच्या शहरांत दुकानें थाटून बसले, पण यांपैकीं पुष्कळांनीं गांवची जमीन विकली नाहीं. वडील माणूस किंवा एक भाऊ मागें राहिला, बाहेरचा पैसा घरीं येत गेला. पुढें १९९६ सालीं टेंभू उपसा सिंचन योजनेस मान्यता मिळाली. कृष्णेचें पाणी टप्प्याटप्प्यानें उचलून या दुष्काळी तालुक्यांत पोंचावयास दीड-दोन दशकें लागलीं, पण पोंचलें. ज्यानें कोरड्या वर्षीं कंटाळून जमीन फुंकून टाकली त्याच्या वांट्यास त्या पाण्याचा थेंब नाहीं. ज्यानें राखली त्याचें माळरान भिजलें. धंद्यासाठीं बाहेर जाणें व जमीन मोडणें या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हें यावरून दिसतें.

अहमदनगर जिल्ह्यांतील (आतां अहिल्यानगर) हिवरे बाजारची कथा वाचकांस परिचित आहेच, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखालीं गांवानें पाणलोटाचीं कामें केलीं. शेतीसाठीं कूपनलिका नको, ऊंस-केळी नको, पडलेल्या पावसाचा हिशेब मांडूनच पिकें घ्यावयाचीं, असे नियम स्वतःवर घालून घेतले. गांव सोडून गेलेलीं कुटुंबें परत आलीं. आणखी एक नियम असा कीं, गांवची जमीन बाहेरच्यास विकावयाची नाहीं. पाऊस वाढला नव्हता. वागणूक बदलली होती. मात्र हें एकट्या शेतकऱ्याच्या हातचें नव्हे. गांव एक होत असेल तरच राहण्याच्या बाजूचें पारडें जड होतें, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

हिशेब कसा मांडावा

ज्यास जाण्याचा विचार करावयाचा आहे, त्यानें आमच्या मतें पुढील गोष्टींची खात्री करून घ्यावी.

पहिली, जमीन चैत्र-वैशाखांत पाहावी. दिवाळीनंतर सारीच राने हिरवीं दिसतात. विहिरीचा खरा तळ उन्हाळ्यांत कळतो. पावसाळ्यांत पुन्हा एकदां जाऊन निचरा पाहावा, आणि मातीचा व पाण्याचा नमुना तपासून घ्यावा.

दुसरी, त्या राज्याचा कायदा त्याच राज्यांतील वकिलाकडून समजून घ्यावा, दलालाकडून नव्हे. निदान तीस वर्षांचे हक्काचे कागद तपासावे, आणि खरेदीखत झाल्यावर आपलें नांव महसुली दफ्तरांत लागेपर्यंत काम पुरें झालें असें समजूं नये.

तिसरी, एकरी भावाशीं भाव न ताडतां, एकरीं निव्वळ प्राप्ति ताडावी. बाजार किती कोसांवर, मजूर मिळतो कीं नाहीं, वीज किती तास, या गोष्टींनीं तीस एकरांचें मोल दहा एकरांवर येऊं शकतें. घर, बोअर, अवजारें आणि पहिल्या दोन पिकांपर्यंतचा प्रपंच यांसाठीं लागणारी रक्कम खरेदीच्या किंमतींत धरावी.

चौथी, घरांतील स्त्रियांचें मत घ्यावें. पुरुष बाजारांत भाषा शिकतो. बाईस मात्र परक्या वस्तींत, माहेर दोन दिवसांच्या वाटेवर असतां, आजारपण-बाळंतपण काढावें लागतें. तिची तयारी नसेल तर कितीही काळी जमीन असो, बिऱ्हाड टिकत नाहीं.

पांचवी, एकट्यानें जाऊं नये. चार-पांच कुटुंबांनीं मिळून जावें. जेथें कायदा परवानगी देतो तेथें प्रथम लेखी कराराने दोन हंगाम खंडानें करून पाहावें.

आमचा अभिप्राय

सर्व बाजू पाहतां आमचें मत असें आहे कीं, ज्या घरांत हात अधिक आणि जमीन थोडी, तेथें एका भावानें जरूर बाहेर पडावें. त्यांत कमीपणा नाहीं. परंतु मूळ जमीन समूळ विकून कोणीं जाऊं नये. निदान विहिरीचा तुकडा आणि राहतें घर राखावें. नवी जमीन फसली तर परत यावयास वाट राहते. फळली तरी मागें राहिलेल्या भावास तीवरून हात देतां येतो. जमीन विकावयास एक दिवस पुरतो. तोच तुकडा परत घ्यावयाचा म्हटल्यास एका पिढीची कमाई पुरत नाहीं, हें सही करण्यापूर्वीं प्रत्येकानें घरांतील वडीलधाऱ्यांसमोर एकदां मोठ्यानें बोलून पाहावें.