ऐंशी गुंठ्यांची राई

पौड मागे टाकून ताम्हिणीच्या वाटेला लागलेला प्रवासी श्रावणातल्या एखाद्या सकाळी मुळशीतल्या माले गावी उतरला, तर भातखाचरांतून वाहणारे गढूळ पाणी, डोक्यावर इरले घेऊन बांधावरून चाललेली माणसे आणि पश्चिमेकडे ढगांत निम्मे बुडालेले सह्याद्रीचे कडे यांच्या दर्शनाने त्याचे मन इतके भरून जाते, की या भूमीपैकी कोणता भाग कायद्याने संरक्षित आहे, कोणता नाही, आणि तसे कोठे लिहून ठेवले आहे, हा रुक्ष प्रश्न त्याला सहसा सुचत नाही. मला तो सुचला, याचे कारण भारतीय सर्वेक्षण खात्याच्या ४७ एफ या पत्रकसमूहातील या भागाचा एक जुना नकाशा घडी करून मी बरोबर नेला होता. तो चहाच्या बाकावर पसरताच गावातले एक वृद्ध गृहस्थ चष्मा पुसून त्यावर वाकले, बराच वेळ बोट फिरवीत राहिले, आणि शेवटी म्हणाले, “समदं हाय, पर आमची राई कुठं हाय ह्यात?”

ती राई त्यांनी मला दुपारी दाखविली. तिचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही. ते आधी गावाने आपल्या हाताने आपल्या दप्तरात लिहावे, अशी माझी इच्छा आहे आणि त्याविषयीच पुढे बोलावयाचे आहे. दोन खाचरांच्या मधल्या उंचवट्यावर एकाएकी अंधारून येते, पायांतल्या वहाणा काढण्याची जागा गुळगुळीत झालेल्या एका दगडावरून ओळखू येते, आणि तेथून पुढे पाऊल पडते ते पानांच्या ओल्या, मऊ थरावर. आंबा, जांभूळ, हिरडा, अंजनी यांच्या बुंध्यांवर शेवाळ चढलेले, गारंबीची मनगटाएवढी वेल एका झाडावरून उतरून दुसऱ्यावर चढलेली, तिच्या हातभर लांब शेंगा खाली पडलेल्या; आणि मधोमध, छप्पर नसलेल्या चौथऱ्यावर, शेंदूर लावलेला देवीचा तांदळा. येथे कोयता चालत नाही. वाळून पडलेले लाकूडही घरी न्यावयाचे नाही. देवळासाठीच एखादे झाड लागले, तर आधी देवीला कौल लावावयाचा. ही राई मी पावलांनी मोजली. अजमासे ऐंशी गुंठे, म्हणजे दोन एकर भरली.

माझ्या नकाशाच्या प्रमाणात, म्हणजे १ : ५०,००० या प्रमाणात, दोन एकरांचा चौकोन काढावयाचा झाल्यास त्याची बाजू दोन मिलिमीटरांचीही होत नाही, मोहरीचा दाणा त्यावर ठेवला तर चौकोन झाकून जाईल. त्या वृद्धाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर एवढ्यातच आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी सरकारदरबारी भूमीच्या नोंदी कशा होत आल्या, याचा मागोवा घेणे अवश्य आहे.

आपल्या मुलखातील जमिनीचे पहिले पद्धतशीर चित्रण झाले ते जंगलासाठी नव्हे, सरकारी साऱ्यासाठी. याच पुणे जिल्ह्यातील इंदापुरात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी जमाबंदीची मोजणी सुरू केली, तिच्यातून मुंबई इलाख्याची पद्धत घडली; तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, आणि तेहतीस फूट लांबी-रुंदीचा एक गुंठा, हे आजही प्रत्येक कुणब्याच्या जिभेवर असलेले माप त्याच परंपरेचे आहे. ज्या जमिनीतून सारा यावयाचा ती काळजीपूर्वक आखली गेली. ज्या तुकड्यातून काही यावयाचे नव्हते त्याची बोळवण पोटखराब्यात झाली. राई कोठे देवस्थान इनामात गेली, कोठे पोटखराब्यात, आणि पुढे वनकायदे झाल्यावर कोठे राखीव वनाच्या हद्दीत. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना एक-अ ही वनजमिनींची स्वतंत्र नोंदवही आहे. देवराईसाठी मात्र कोणताही नमुना नाही.

मुळशीच्या माणसाला मोजणीची आणखी एक आठवण आहे. मुळा आणि निळा यांच्या संगमापाशी धरण बांधून ते पाणी बोगद्याने कोकणात भिरा येथे सोडावे आणि त्यावर वीज करावी, या योजनेसाठी पहिल्या महायुद्धानंतर खोऱ्यातील जमिनी संपादनाच्या कायद्याखाली घेण्याचे ठरले, तेव्हा साखळी घेऊन आलेले लोक गावाच्या भल्यासाठी आले नव्हते, हे शेतकऱ्यांनी ताबडतोब ओळखले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, येथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव मिळाले ते याच लढ्याने, आणि विनायकराव भुस्कुट्यांनी त्याचा इतिहास लिहून ठेवला. १९२४ पर्यंत लढा चालला, मोडला. आणि १९२७ मध्ये भिऱ्याला वीज निघू लागली. खोऱ्यातली पिकाऊ जमीन, एकर-गुंठ्यांपर्यंत बिनचूक आकडे टाकलेली, जलाशयाखाली गेली. ज्या भूमीची मोजणी सर्वांत काटेकोर झाली तीच भूमी प्रथम नाहीशी झाली, हा अनुभव ज्या खोऱ्याने घेतला आहे, त्या खोऱ्यातील माणूस नवा नकाशा पाहून आपली राई दाखविण्याआधी दहा वेळा विचार करतो, त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

स्वातंत्र्यानंतर संरक्षणासाठी सीमा आखण्याचे युग आले. महाराष्ट्राच्या आजच्या सीमेतील ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, राधानगरीचे अभयारण्य १९५८ चे. परंतु जवळजवळ सबंध देशासाठी एकच कायदा आणि एकच परिभाषा आली ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने. अधिसूचना निघू लागल्या, तसा त्यांचा संग्रह कोणीतरी केला पाहिजे हे ध्यानी आले. १९८२ मध्ये डेहराडून येथे भारतीय वन्यजीव संस्था स्थापन झाली. १९८८ मध्ये तेथील रॉजर्स आणि पनवार यांनी देशाचे दहा जीवभौगोलिक विभाग पाडून, कोठे किती क्षेत्र संरक्षित आहे आणि कोठे उणीव आहे, याचा पहिला सर्वंकष ताळेबंद मांडला. आज देशातील उद्याने, अभयारण्ये आणि इतर राखीव क्षेत्रे यांची जी राष्ट्रीय माहितीसंपदा आपण गृहीत धरतो, तिची मांडणी त्या कामावर उभी आहे. मला त्या कामाविषयी मनापासून आदर आहे. त्याआधी एखादे अभयारण्य नेमके कोठे संपते, हे सांगण्यास राजपत्रातला मजकूर, वनखात्याच्या कक्षांचे क्रमांक आणि स्थानिक वनरक्षकाची स्मृती, एवढीच साधने होती.

त्याच काळात, १९७० च्या दशकात, पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि त्यांचे तरुण सहकारी माधव गाडगीळ पश्चिम घाटात गावोगाव पायी फिरून देवरायांची पाहणी करीत होते. त्यांची पद्धत उलटी होती. राजपत्रापासून आरंभ न करता ते गावकऱ्यांपासून आरंभ करीत: देव कोणता, हद्द कोणती, तोडीचा नियम काय, झाडे कोणती. त्यांच्या १९७५-७६ मधील लेखांनी जगाला दाखवून दिले की सह्याद्रीत सरकारी अधिसूचनेवाचून, शतकानुशतके, समाजाने राखलेली वने आहेत. वास्तविक या दोन प्रवाहांचा संगम तेव्हाच व्हावयास हवा होता. तो झाला नाही, आणि माझ्या मते या पन्नास वर्षांतील ही सर्वांत मोठी चूक आहे.

वनांच्या आच्छादनाचा हिशेब ठेवणाऱ्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेची वाटचाल या दृष्टीने बोधप्रद आहे. १९८७ च्या पहिल्या अहवालात उपग्रहाच्या छायाचित्रांवरून डोळ्यांनी वाचून जो नकाशा केला, त्यात ४०० हेक्टरांहून लहान वन दिसूच शकत नव्हते. म्हणजे हजार एकरांच्या आतले सारे सह्याद्रीचे तुकडे त्या चित्रातून गळून गेले. पुढच्याच अहवालात ही मर्यादा २५ हेक्टरांवर आली, आणि २००१ पासून संगणकाने १ : ५०,००० प्रमाणात काम होऊ लागल्यावर ती १ हेक्टरावर येऊन ठेपली. चौदा वर्षांत दृष्टी चारशे पटींनी सूक्ष्म व्हावी, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या संस्थेची व्याख्याच अशी आहे की १ हेक्टराहून मोठ्या आणि दहा टक्क्यांहून अधिक छत्र असलेल्या भूमीला वनाच्छादन म्हणावे, मग मालकी कोणाचीही असो. एक हेक्टर म्हणजे सुमारे नव्व्याण्णव गुंठे. ती राई ऐंशी गुंठ्यांची. राष्ट्राच्या हिशेबात वन म्हणून उभे राहण्यास तिला एकोणीस गुंठे कमी पडले.

जगात अन्यत्र काय झाले, हेही थोडक्यात पाहण्याजोगे आहे. संयुक्त राष्ट्रांनी राष्ट्रीय उद्यानांची जागतिक यादी करण्याचा ठराव १९५९ मध्ये केला आणि १९८१ पासून तिचे संगणकीय कोठार उभे राहिले. अमेरिकेने २००९ मध्ये आपल्या संरक्षित भूमींचा राष्ट्रीय नकाशासंग्रह प्रथम प्रसिद्ध केला. त्याचे वैशिष्ट्य असे, की पुढे त्यात विस्तीर्ण राष्ट्रीय उद्यानांच्या जोडीला नगराचे लहानसे उद्यान, आणि मालकाने करार करून कायमची मोकळी ठेवलेली खाजगी जमीनही आली. आकार लहान म्हणून, अथवा राखणदार सरकार नाही म्हणून, त्यांना वगळावयाचे नाही, हे तत्त्व आपल्यालाही लागू पडते.

पुन्हा मुळशीकडे वळतो. २०११ मध्ये याच माधव गाडगीळांच्या समितीने पश्चिम घाटाचे जे संवेदनशीलतेचे चित्र काढले, त्याचा घटक सुमारे नऊ किलोमीटर लांबी-रुंदीचा चौकोन होता. उपलब्ध माहितीत याहून बारीक काम शक्य नव्हते, आणि अंतिम हद्द ग्रामसभांशी बोलून ठरवावी असे समितीने स्वतःच सांगितले होते. परंतु अशा एका चौकोनात मालेसारख्या गावाची वस्ती, रस्ता, खाचर, तळे आणि राई एकाच रंगाने रंगून निघतात. पुढे २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने चौकोनाऐवजी गाव हा घटक धरला, त्यावर २०१४ पासून अधिसूचनेचे मसुद्यामागून मसुदे निघाले, सहावा २०२४ च्या जुलैत; पण गाव सबंध आत किंवा सबंध बाहेर, एवढाच विवेक त्यांतील गावांच्या यादीत आहे. त्याच २०१३ साली ताम्हिणीचे अभयारण्य ४९.६२ चौरस किलोमीटरांवर जाहीर झाले, त्याचे मी स्वागत करतो. शेकरू आणि धनेश यांना तेथे हक्काचे घर मिळाले. मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर, बंगल्यांच्या वसाहतींसाठी डोंगर विकले जाऊ लागलेल्या या पट्ट्यात, दोन-दोन एकरांच्या राया आज सर्वांत अधिक उघड्या आहेत. जमीन विकत घेणाऱ्याला सातबाऱ्यावर राई दिसत नाही. त्याला दिसतो पोटखराबा.

उपाय कायद्यात नाही असे नाही. १९९६ च्या डिसेंबरात गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ शब्दाचा अर्थ शब्दकोशाप्रमाणे घ्यावा, मालकी पाहू नये, असे सांगितले. २००२ च्या जैवविविधता अधिनियमाने प्रत्येक स्थानिक संस्थेला समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही दिली. राष्ट्रीय हरित लवादाने त्या पुऱ्या करण्यास २०२० च्या जानेवारीअखेरची मुदत घातल्यावर पुष्कळ ठिकाणी घाईने ठरावीक मजकूर भरून वह्या हातावेगळ्या झाल्या. ज्या वहीत गावाच्या तोंडचे ज्ञान उतरावे तीत अशी घाई झाली, याचे मला दुःख होते. आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी, त्याच गोदावर्मन प्रकरणात, राजस्थानातील ओरणांचा, म्हणजे तिकडच्या देवरायांचा, विचार करताना सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ओरणाचे जागेवर आणि उपग्रहाद्वारे मापन करण्याचा आदेश दिला, राखणाऱ्या समाजाला समुदाय राखीव क्षेत्राचे कवच देता येईल असे म्हटले, आणि देशभरच्या देवरायांची पाहणी करून त्यांचे स्थान व विस्तार निश्चित करणारे धोरण केंद्राने आखावे अशी शिफारस केली. १९७५ साली वर्तक-गाडगीळांनी जे मांडले, ते न्यायालयाच्या शब्दांत येण्यास एकोणपन्नास वर्षे लागली.

ही पाहणी उद्या मुळशीत आली, तर ती कोणाच्या हाताने व्हावी याविषयी माझे मत निश्चित आहे. उपग्रह झाडे दाखवील. देवीचे नाव, कौलाचा नियम, आणि हद्दीवरचा आंबा कोणता व जांभूळ कोणता हे तो सांगणार नाही. ते गावानेच सांगितले पाहिजे, आणि साखळी धरून आलेल्या परक्याला सांगण्याआधी आपल्या ग्रामसभेच्या दप्तरात लिहिले पाहिजे. म्हणजे नकाशा हे भूमी घेण्याचे साधन न होता भूमी राखल्याचा दाखला होईल. त्या दुपारी राईतून बाहेर पडताना मी वृद्ध गृहस्थांना हद्द विचारली. त्यांनी चार झाडांना हात लावून ती दाखविली आणि चौथ्या झाडापाशी थांबून सांगितले, की ही चार झाडे ठाऊक असलेली माणसे आता गावात तिघेच उरली आहेत.

म्हणून माले आणि भोवतालच्या गावांच्या ग्रामसभांना माझी हात जोडून विनंती आहे: येत्या सभेत लोकजैवविविधता नोंदवही काढावी, त्या तिघांना पुढे बसवावे, त्यांच्या बरोबर हद्दीवरून चालून यावे, आणि राईचे नाव, तिची चार झाडे व तिचे गुंठे त्या वहीत देवनागरीत लिहून त्याखाली सभेच्या सह्या घ्याव्यात.