तासाभराचे एक गाणे

ध्वनिमुद्रण कंपनीने नाकारलेले एक गाणे ‘डूम मेटल’ या संगीतप्रकारातील सर्वाधिक चर्चिली जाणारी कृती कसे ठरले? कॅलिफोर्नियातील ‘स्लीप’ या त्रिकुटाच्या वाटचालीचा हा वेध.

रॉक संगीत म्हटले की तीन-चार मिनिटांचे गाणे, त्यात दोन कडवी, एक लक्षात राहणारे धृपद आणि मध्ये गिटारची एखादी तान असा साचा सर्वसाधारण श्रोत्याच्या मनात असतो. नभोवाणी केंद्रांची गरज आणि ध्वनिमुद्रिकांची बाजारपेठ यांनी हा साचा घडवला. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील तीन तरुणांनी त्याला संपूर्ण छेद देणारे एकच गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याची लांबी एक तासाहून अधिक होती. गाणे अखंड स्वरूपात अधिकृतपणे प्रसिद्ध होण्यास सात वर्षे लागली आणि दरम्यान तो बँडच विसर्जित झाला. बँडचे नाव ‘स्लीप’, तर गाण्याचे ‘डोपस्मोकर’.

संथपणाचे कुळ

‘स्लीप’चे महत्त्व कळण्यासाठी ‘डूम मेटल’ म्हणजे काय, हे आधी पाहावे लागते. या प्रकाराचे मूळ इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या औद्योगिक शहरात आहे. तेथील ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका फेब्रुवारी १९७० मध्ये आली. गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली सापडून तुटली होती. ते डावखुरे असल्याने तारा दाबण्याचे काम नेमके त्याच हाताकडे होते. त्यांनी बोटांवर टोपणे बसवली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या ध्वनिमुद्रिकेत गिटार नेहमीच्या पट्टीपेक्षा बरीच खाली लावली. सैल तारांतून निघणारा तो जडशीळ, काळोखा नाद हा या संगीतप्रकाराचा पाया ठरला.

ऐंशीच्या दशकात मेटल संगीत अधिकाधिक वेगवान होत असताना काही बँड मुद्दाम उलट्या दिशेने निघाले. अमेरिकेत ‘पेंटाग्राम’, ‘सेंट व्हायटस’ आणि ‘ट्रबल’, तर स्वीडनमध्ये ‘कँडलमास’ यांनी विलंबित लय, मंद्र स्वर आणि विषण्ण भाव यांची परंपरा जपली. त्यांचा श्रोतृवर्ग लहान होता. छोट्या कंपन्या, हस्तलिखितवजा पत्रिका आणि टपालाने होणारी कॅसेटची देवाणघेवाण यांवर हे विश्व चालत असे. ‘अंडरग्राउंड’ या शब्दाचा येथे अभिप्रेत असलेला अर्थ इतकाच: मुख्य बाजारपेठेच्या प्रकाशात न येता, जाणकारांच्या आधारावर टिकणारे संगीत.

सॅन होजेची मुले

सॅन होजे हे शहर संगणक उद्योगासाठी ओळखले जाते. तेथील ‘अ‍ॅस्बेस्टॉसडेथ’ या बँडमधून १९९० मध्ये ‘स्लीप’ उदयास आला. अल सिस्नेरोस (बेस गिटार व गायन), मॅट पाइक (गिटार), ख्रिस हेकियस (ड्रम) आणि जस्टिन मार्लर (गिटार) हे त्याचे पहिले सदस्य. १९९१ मध्ये ‘व्हॉल्यूम वन’ ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका आली. त्यानंतर मार्लर यांनी बँड सोडला आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठात प्रवेश केला. उरलेल्या तिघांनी दुसरा गिटारवादक घेतलाच नाही. नाद भरगच्च ठेवण्याची जबाबदारी त्यामुळे एकाच गिटारवर आणि बेसवर आली, आणि हाच बँडचा स्थायीभाव बनला.

तिघांनी ध्वनिमुद्रित केलेले पुढचे काम त्यांनी नॉटिंगहॅमच्या ‘इअरेक’ या कंपनीकडे पाठवले. कंपनीने ती फीत फारसा बदल न करता जशीच्या तशी प्रसिद्ध केली. ‘स्लीप्स होली माउंटन’ ही ती ध्वनिमुद्रिका. ‘ब्लॅक सॅबथ’चे ऋण तीत उघडपणे दिसते, पण केवळ अनुकरण म्हणून ती बाजूला सारता येत नाही. मूळ बँडच्या एखाद्या स्वरावलीतील सारा रस पिळून काढावा, तिच्यावर अधिक काळ रेंगाळावे, असा तिचा बाज होता. तिच्यातील ‘ड्रॅगनॉट’ हे गाणे हार्मनी कोरिन यांच्या ‘गमो’ (१९९७) या चित्रपटातही वापरले गेले.

मोठी कंपनी, मोठे गाणे

१९९१ मध्ये ‘निर्वाणा’ या बँडला मिळालेल्या प्रचंड यशानंतर मोठ्या कंपन्या आडवाटेच्या रॉक बँडचा शोध घेऊ लागल्या होत्या. या लाटेत ‘लंडन रेकॉर्ड्स’ने ‘स्लीप’शी करार केला. एका छोट्या बँडसाठी ही मोठीच संधी होती. आगाऊ मिळालेल्या रकमेचा काही भाग बँडने खास बनवून घेतलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर खर्च केला. मग ते बिली अँडरसन या निर्मात्यासह उत्तर कॅलिफोर्नियातील मेंडोसिनो परिसरातल्या स्टुडिओत गेले आणि कित्येक वर्षे मनात घोळत असलेली एकच रचना त्यांनी ध्वनिमुद्रित केली. फितीच्या रिळाला मर्यादा असल्याने तासाभराची रचना सलग वाजवून टिपणे शक्य नव्हते. ती टप्प्याटप्प्याने वाजवून नंतर जोडावी लागली.

या रचनेचा आराखडा वरवर पाहता अगदी साधा आहे. प्रारंभी एकटी गिटार एक जड स्वरावली मांडते. तिला ‘रिफ’ म्हणतात. आपल्याकडील मुखड्याशी तिचे काहीसे नाते सांगता येईल. मग बेस आणि ड्रम सामील होतात. आवाज ऐकू येईपर्यंत आठ मिनिटे लोटलेली असतात. तो आवाजही गाण्यापेक्षा पठणाच्या जवळचा आहे, जवळजवळ एकाच स्वरावर स्थिर राहणारा. वाद्ये नेहमीच्या पट्टीपेक्षा दोन पूर्ण स्वर खाली लावलेली आहेत. शब्दांत वाळवंटातून पवित्र भूमीकडे निघालेल्या एका तांड्याची कथा आहे. भाषा बायबलच्या धाटणीची, तर यात्रेकरूंचे आराध्य मात्र गांजा. हे विडंबन आहे की खरीखुरी श्रद्धा, याचे उत्तर रचना देत नाही आणि तिचे बरेचसे सामर्थ्य या संदिग्धतेत आहे.

श्रोत्याचा अनुभव मात्र साधा राहत नाही. तीच स्वरावली पुन:पुन्हा ऐकताना कान हळूहळू बारीक फरक टिपू लागतात. ड्रमरने एका आवर्तनात किंचित बदललेला ठेका, गिटारच्या नादात वाढत जाणारी घरघर, मधल्या विस्तारांनंतर मूळ रिफकडे झालेले पुनरागमन या गोष्टी घटनांसारख्या भासू लागतात. विलंबित ख्याल ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्याला ही प्रक्रिया अगदीच अपरिचित वाटणार नाही. दोन्ही संगीतांची तत्त्वे वेगळी आहेत. येथे रागविस्तार नाही आणि तालाचे शास्त्रही नाही. परंतु काळ लांबवला की ऐकण्याची रीतच बदलते, हे सत्य दोन्हीकडे सारखेच.

नकार आणि फाटाफूट

‘लंडन रेकॉर्ड्स’ने मात्र ही रचना प्रसिद्ध करण्यास नकार दिला. कंपनीची अडचण समजण्याजोगी होती. नभोवाणीवर वाजवता येईल असे एकही गाणे त्यात नव्हते आणि चित्रफीत करण्याजोगा तुकडाही नव्हता. बँडने नाव बदलून ‘जेरुसलेम’ केले, रचनेची लांबीही कमी केली. तरी कोंडी फुटली नाही. करार असल्याने दुसरीकडे जाता येईना आणि कंपनी काही प्रसिद्ध करीना. या ओढाताणीत १९९८ मध्ये ‘स्लीप’ संपुष्टात आला. मोठ्या कंपनीचा करार हा छोट्या बँडसाठी नेहमीच वर ठरत नाही, त्याचा शापही होऊ शकतो, याचे हे उदाहरण आजही दिले जाते.

ध्वनिफितीच्या प्रती मात्र एव्हाना हातोहात फिरू लागल्या होत्या. १९९९ मध्ये ‘जेरुसलेम’ हे सुमारे ५२ मिनिटांचे रूप छोट्या कंपन्यांमार्फत बाहेर आले. त्याचे सहा भाग पाडले होते, पण त्या विभागणीला सांगीतिक कारण नव्हते. एकाच वस्त्राला मध्येच कात्री लावावी तसा तो प्रकार होता. २००३ मध्ये ‘टी पी रेकॉर्ड्स’ने ६३ मिनिटांची अखंड आवृत्ती ‘डोपस्मोकर’ या मूळ नावाने काढली. २०१२ मध्ये ‘सदर्न लॉर्ड’ने अधिक स्वच्छ ध्वनीसह आणि अरिक रोपर यांच्या नव्या मुखपृष्ठासह ती पुन्हा प्रसिद्ध केली. नाकारलेल्या फितीने असा अनेक आवृत्त्यांचा प्रवास केला.

तीन वाटा, एक पुनर्मीलन

बँड मोडल्यावर पाइक यांनी ‘हाय ऑन फायर’ हा अधिक वेगवान आणि आक्रमक बँड काढला. त्याच्या ‘इलेक्ट्रिक मसाया’ या गाण्याला २०१९ मध्ये मेटल विभागातील ग्रॅमी पुरस्कार मिळाला. सिस्नेरोस आणि हेकियस यांनी २००३ मध्ये ‘ओम’ची स्थापना केली. नावापासूनच भारताशी नाते सांगणाऱ्या या बँडने गिटार वगळली आणि केवळ बेस, ड्रम व जपासारखे गायन यांवर भर दिला. पुढे हेकियस बाहेर पडले, तंबोऱ्यासारखी वाद्ये आत आली, आणि २०१२ च्या ध्वनिमुद्रिकेला तर ‘अद्वैतिक साँग्ज’ असेच नाव दिले गेले. ‘स्लीप’मधील एकस्वरी पठणाची बीजे येथे वेगळ्या भूमीत रुजलेली दिसतात.

२००९ मध्ये इंग्लंडमधील ‘ऑल टुमॉरोज पार्टीज’ या महोत्सवात तिघे पुन्हा एकत्र आले. हेकियस यांनी नंतर निवृत्ती पत्करली आणि ‘न्यूरोसिस’ या बँडचे जेसन रोडर यांनी त्यांची जागा घेतली. २० एप्रिल २०१८ रोजी, जवळजवळ कोणतीही पूर्वसूचना न देता, ‘द सायन्सेस’ ही नवी ध्वनिमुद्रिका जॅक व्हाइट यांच्या ‘थर्ड मॅन रेकॉर्ड्स’ने प्रसिद्ध केली. गांजाप्रेमींच्या जगात ही तारीख सणासारखी मानली जाते, हे तिच्या निवडीमागचे उघड कारण. जुन्या काळातील काही अपुऱ्या राहिलेल्या रचनांना तीत अखेर स्टुडिओतील रूप मिळाले. २०१९ च्या अखेरीस बँडने दीर्घ विश्रांती जाहीर केली.

‘स्लीप’च्या स्टुडिओ ध्वनिमुद्रिका मोजक्याच आहेत, विक्रीच्या आकड्यांनी त्याचे मोठेपण सिद्ध करता येणार नाही. त्याचा ठसा दिसतो तो जगभरच्या तरुण बँडच्या सरावाच्या खोल्यांत, जेथे गिटारच्या तारा सैल केल्या जातात आणि घड्याळाकडे पाहणे बंद होते. कंपनीला जे गाणे विकण्याजोगे वाटले नाही, ते पुढे वेगवेगळ्या कंपन्यांनी पुन:पुन्हा विकले. श्रोत्याला तासभर थांबण्याचा धीर नसतो, हे गृहीतक ज्यांनी तपासून पाहिले, त्यांना त्याची किंमत आपला बँड गमावून मोजावी लागली. श्रोत्यांनी मात्र आपला धीर सिद्ध केला.