इंद्र नसलेली इंद्रसभा

गिरगावात सी. पी. टँकजवळील हिराबाग धर्मशाळा मुंबईच्या जैन कुटुंबांना सुपरिचित आहे. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या पुढाकाराने १९०२ मध्ये स्थापन झालेल्या भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटीचे कार्यालय याच वास्तूत आहे. तीर्थरक्षणात वास्तूच्या डागडुजीइतकेच मूर्तींच्या ओळखीलाही महत्त्व असते, याची साक्ष वेरूळची जैन लेणी देतात.

डोंगराच्या उत्तर टोकाला ३० ते ३४ क्रमांकांची ही लेणी आहेत. कैलास पाहून परतणारे अनेक प्रवासी तेथवर जातच नाहीत. ३२ क्रमांकाच्या लेण्याला ‘इंद्रसभा’ म्हणतात. हत्तीवर बसलेला पुरुष आणि आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली स्त्री यांना कोणे एके काळी इंद्र-इंद्राणी मानले गेले, आणि तेच नाव रूढ झाले. वस्तुतः तो यक्ष आहे आणि ती नेमिनाथांची शासनदेवता अंबिका. जाणकार श्रावक तेथे उरले नाहीत, म्हणून मूर्ती अभंग राहूनही त्यांची नावे हरवली.

याच लेण्यात कमठाच्या उपसर्गातही अविचल असलेले पार्श्वनाथ आणि वेलींनी वेढलेले बाहुबली आहेत. डोंगरावरील पार्श्वनाथांची भव्य मूर्ती मात्र आजही पूजेत आहे. शके ११५६ च्या शिलालेखात ती घडविणाऱ्या चक्रेश्वराचे नाव कोरलेले आहे.

तमिळनाडूत पुदुक्कोट्टै जिल्ह्यातील सित्तन्नवासल येथील गुंफामंदिराच्या छतावर कमळांचे तळे रंगविले आहे. अनभिज्ञ प्रेक्षकाला तेथे फुले, मासे आणि पक्षी एवढेच दिसतात. अभ्यासकांनी मात्र त्यात समवसरणातील कमळे वेचणारे भव्य जीव ओळखले.

दादरहून रात्रीच्या गाडीने निघाल्यास सकाळी छत्रपती संभाजीनगर येते. तेथून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर. मंगळवारी लेणी बंद असतात. संरक्षित मूर्तींना गंध, तेल वा फुले वाहू नयेत. दुरूनच वंदन करावे. जैन लेण्यांसाठी निदान दोन तास राखून ठेवावेत. मुलांना प्रत्येक मूर्तीचे लांछन, वाहन, वृक्ष शोधायला लावावे आणि अंबिकेसमोर उभे राहून तिचे खरे नाव त्यांना सांगावे.