टिचकी मारून ओळखायचे यंत्र

उन्हाळ्यात माठ घेताना आपण काय करतो? बोटाने टिचकी मारतो. आवाज खणखणीत आला की माठ पक्का. माठ फोडून पाहायची सोय नसते, आवाजावरूनच पारख करायची. वीजघरातल्या जनित्राची पारखही अशीच होते. फक्त टिचकी विजेची असते.

मी गझल लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. विजेचे शास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण मात्रा मोजण्याची सवय असल्यामुळे एका गोष्टीचे मला फार अप्रूप वाटते. पाण्यावर, कोळशावर किंवा अणुशक्तीवर चालणारी, एका जाळ्याला जोडलेली सारी मोठी जनित्रे एकाच लयीत चालतात. आपल्या देशात ही लय सेकंदाला 50 आवर्तनांची. एखादी मोठी वाहिनी अचानक तुटली, की लयीला धक्का बसतो. ती सावरेल की मोडेल, हे प्रत्यक्ष करून पाहता येत नाही. म्हणून अभियंते संगणकात जाळ्याची गणिती प्रतिकृती ठेवतात. त्यात प्रत्येक जनित्राचे आकडे भरावे लागतात. ते मिळवायचे कसे?

पहिली चाचणी साधी आहे. जनित्र ठरल्या वेगाने फिरवायचे, पण बाहेर काहीच जोडायचे नाही. रोटरला चुंबक बनवणारा प्रवाह हळूहळू वाढवायचा आणि व्होल्टेज नोंदवत जायचे. आधी दोन्ही सोबतीने वाढतात. पुढे लोखंडाचे जणू पोट भरते आणि व्होल्टेजची वाढ मंदावते. दुसऱ्या चाचणीत बाहेरची तिन्ही टोके एकमेकांना जोडून प्रवाह मोजायचा. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या, की संथ चालीत जनित्र प्रवाहाला किती अडवते ते कळते.

खरी टिचकी तिसरी. व्होल्टेज मुद्दाम कमी ठेवून फिरत्या जनित्राची टोके एकदम जोडायची. प्रवाह उसळतो, सेकंदाच्या काही शतांश भागांत झपाट्याने उतरतो, मग सावकाश ओसरत स्थिरावतो. या उताराच्या आलेखातून धक्क्याच्या वेळचे जनित्राचे वागणे वाचता येते. भार अचानक काढून घेतल्यावर वेग किती झपाट्याने वाढतो, यावरून फिरत्या वस्तुमानाचे जडत्व कळते. मग संगणक आकडे बदलत बदलत आपला आलेख मोजलेल्या आलेखाशी जुळवतो. मात्र वेगवेगळे आकडे कधी कधी जवळपास तोच आलेख देतात. म्हणून एका चाचणीवर विसंबायचे नाही, दुसरीने पडताळायचे.

एवढा खटाटोप कशासाठी? 10 ऑगस्ट 1996 रोजी अमेरिकेच्या पश्चिम भागात, कडक उन्हाळ्यात, ओरेगॉनमधली एक वाहिनी झाडांना टेकून बंद पडली. पाठोपाठ इतर वाहिन्या आणि जनित्रे बाद झाली, हेलकावे वाढत गेले आणि जाळ्याचे तुकडे झाले. सुमारे 75 लाख ग्राहक अंधारात गेले. नंतर अभियंत्यांनी तोच प्रसंग संगणकातल्या प्रतिकृतीवर घडवून पाहिला. प्रतिकृतीत हेलकावे शमले! कागदावर जाळे सुरक्षित होते, प्रत्यक्षात ते कोसळले होते. दोष एकट्या जनित्रांच्या आकड्यांचा नव्हता. भार, नियंत्रक यांच्या नोंदीही सुधाराव्या लागल्या. पण त्यानंतर तिथे जनित्रांच्या चाचण्या आवश्यक ठरल्या.

कारखान्यातून आलेला छापील आकडा कायमचा नसतो. वेटोळी नव्याने भरली जातात, नियंत्रक बदलले जातात आणि जनित्राचा स्वभावही बदलतो. तेव्हा वीजघरातले एखादे यंत्र चाचणीसाठी बंद आहे असे कानावर आले, तर तो दिवस वाया गेला असे समजू नये. वादळाच्या रात्री दवाखान्यातले दिवे चालू राहावेत, याची तजवीज त्या दिवशी होत असते.